एकशे सत्त्याण्णव कोटी वर्षं

दमयंती लग्न होऊन नगरला आली तेव्हा त्या घरात बापलेकाचं बोलणं बंद होतं. हे तिला आधी कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच सकाळी सासरे, विष्णुपंत, ओटीवर बसले होते. नवरा, यज्ञेश्वर, त्यांच्यापासून चार हातांवर दाढीची वाटी शोधत होता. विष्णुपंत तिच्याकडे वळून म्हणाले, "त्याला सांग, वाटी कोनाड्यात आहे." तिनं सांगितलं. यज्ञेश्वरनं वाटी घेतली आणि म्हणाला, "त्यांना सांग, सापडली."

कारण तिला हळूहळू कळलं. विष्णुपंत हायस्कुलात संस्कृत शिकवायचे, आणि घरात पिढ्यान् पिढ्यांची भिक्षुकी होती. सासूबाई वारल्या त्यानंतरच्या पहिल्या श्राद्धाला यज्ञेश्वर पाटावर बसला. हातात पाणी घेऊन संकल्प म्हणायचा, म्हणजे आपण काळाच्या कुठल्या टप्प्यावर बसलो आहोत ते आधी सांगायचं: कोणता कल्प, कोणतं मन्वंतर, कोणतं युग. तो तेव्हा पुण्याला विज्ञान शिकत होता. जे मला खरं वाटत नाही ते मी म्हणणार नाही, असं तो म्हणाला, हातातलं पाणी ताम्हनात सोडलं आणि उठला. आईच्या श्राद्धातून मुलगा उठून गेला, हे विष्णुपंतांना जन्मभर पुरेल असं लागलं. तेव्हापासून दोघांतलं सगळं तिसऱ्या माणसाकरवी चालायचं, आणि आता तिसरं माणूस म्हणजे दमयंती.

चव्वेचाळीस सालच्या दिवाळीत हे मौन सुटलं. यज्ञेश्वर पुण्याच्या कॉलेजात नोकरीला लागला होता आणि सुट्टीला घरी आला होता. ओटीवर अब्दुल बसला होता. अब्दुल झेंडीगेटचा, शाळेपासूनचा त्याचा मित्र. दोघं पुण्याला एकत्र शिकले, आणि आता अब्दुल नगरातच मुलांना विज्ञान शिकवत होता. या घरी त्याची कपबशी वेगळी असायची, बाहेरच्या कोनाड्यात. तो स्वतः ती काढून द्यायचा आणि चहा झाला की विसळून परत ठेवायचा. त्याबद्दल कुणी काही बोलत नसे, तोही नाही.

दमयंती चिवड्याच्या ताटल्या घेऊन बाहेर आली तेव्हा विश्व कसं सुरू झालं यावर बोलणं चाललं होतं. ती ऐकत उभी राहिलेली पाहून यज्ञेश्वरनं तिलाच विचारलं, "मढीची जत्रा पाहिली आहेस ना? समज, जत्रा फुटली आणि सगळ्या गाड्या एकदम निघाल्या. थोड्या वेळानं एक गाडी पाथर्डीत आहे, एक पार नगरला पोचली. जी जास्त लांब गेली ती जास्त जोरात चालली. आता गाडी किती लांब आहे आणि कोणत्या वेगानं चालली आहे, एवढं कळलं तर जत्रा कधी फुटली ते सांगता येईल की नाही?"

येईल, असं ती म्हणाली.

"आकाशात तसंच आहे. आपल्या आकाशगंगेसारख्या दुसऱ्या असंख्य आहेत, आणि सगळ्या एकमेकींपासून लांब पळतायत. जितकी लांब तितकी जोरात. म्हणजे कधीतरी सगळं एका जागी होतं. तारे नव्हते, माती नव्हती, पाणी नव्हतं. जे काय होतं ते एका मुठीत."

"मग ती जत्रा होती कुठं?" तिनं विचारलं.

अब्दुल हसला. यज्ञेश्वरला प्रश्न आवडला. "इथेच होती, आणि तिथेही. प्रत्येक गाडीवानाला वाटतं, जत्रा आपल्याच जागी होती आणि बाकीचेच लांब गेले. आणि कुणाचंच चुकत नाही."

मग अब्दुलनं विचारलं की जत्रा फुटून किती काळ झाला म्हणतात, आणि यज्ञेश्वर म्हणाला, अमेरिकेत मोजलंय त्याप्रमाणे साधारण दोनशे कोटी वर्षं, थोडी कमीच.

आत विष्णुपंत सुपारी कातरत होते. अडकित्त्याचा आवाज थांबला. ते दारात आले आणि चार वर्षांत पहिल्यांदा मुलाकडे बघून म्हणाले, "किती म्हणालास?"

यज्ञेश्वर उठून उभा राहिला. त्यानं आकडा पुन्हा सांगितला. विष्णुपंत तिथेच खाली बसले आणि खडूनं फरशीवर हिशोब मांडू लागले. सहा मन्वंतरं गेली, त्यांचे संधिकाल, सातव्यातल्या चार-चार युगांच्या सत्तावीस चौकड्या, अठ्ठाविसावीतली तीन युगं आणि कलियुगाची झालेली वर्षं. शेवटी बेरीज झाली. एकशे सत्त्याण्णव कोटी एकोणतीस लाख एकोणपन्नास हजार. संकल्पात रोज म्हणतात तेवढंच.

"जवळ आहे खरं, अण्णा," यज्ञेश्वर म्हणाला, आणि हसला.

त्या दिवशी दोघं दिवेलागणीपर्यंत बोलत बसले. चिवडा सादळला. अब्दुल केव्हा निघून गेला ते दोघांनाही कळलं नाही. दमयंती स्वयंपाकघरातून ऐकत होती. तिला वाटलं, या घराला आजपासून बरे दिवस आले.

पुढच्या वर्षी विष्णुपंतांनी या विषयावर व्याख्यान दिलं. आधी शाळेत, मग एका वाचनालयात, मग संगमनेर, शेवगाव, श्रीगोंदा इथून बोलावणी येऊ लागली. एरवी व्याकरण शिकवणारा रुक्ष माणूस, पण या विषयावर त्यांची वाणी अशी चालायची की लोक उठायचे नाहीत. पाश्चात्त्यांनी मोठमोठ्या दुर्बिणी लावून आज जे शोधलं ते आपला साधा भिक्षुक रोज सकाळी पळीभर पाण्यावर म्हणतो, हे ऐकताना माणसांचे चेहरे उजळायचे. राज्य साहेबाचं होतं, आणि असं काही ऐकायला लोक आसुसलेले होते. व्याख्यानात ते म्हणत, हा आकडा माझ्या मुलानं, पुण्याच्या प्रोफेसरानं, मला दिला.

यज्ञेश्वरला हे सुखाचं नव्हतं. सुट्टीत घरी आला की तो दमयंतीला म्हणायचा, "हा योगायोग आहे. अण्णांना त्याच दिवशी सांगायला हवं होतं. पण ते माझ्याशी बोलत होते गं."

शेहेचाळीसच्या पावसाळ्यात त्याच्या खोकल्यात रक्त दिसलं. पुण्याला काही महिने दवाखान्यात काढले. मग डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं, आणि ते घरी न्या म्हणजे काय ते सगळ्यांना समजलं. मागच्या अंगणाकडची खोली त्याला दिली. त्याचीही कपबशी आता वेगळी झाली, आणि ठेवायला दुसरी जागा नव्हती म्हणून दमयंतीनं ती अब्दुलच्या कपबशीशेजारी कोनाड्यात ठेवली.

विष्णुपंत उपरण्यानं नाक झाकून उंबऱ्यापर्यंत यायचे. अब्दुल मात्र थेट आत जाऊन खाटेशेजारी बसायचा. मेहताबबींनी, त्याच्या आईनं, त्याला पुष्कळदा बजावलं होतं की लांब बस. तो ऐकत नसे. पुण्याहून ओळखीनं तो विज्ञानाचं विलायती साप्ताहिक मागवायचा आणि यज्ञेश्वरला वाचून दाखवायचा, कारण यज्ञेश्वरला अंक हातात धरवत नव्हता.

एका दुपारी खोलीतून हसण्याचा आवाज आला आणि लगेच खोकल्याचा. दमयंती धावत गेली. यज्ञेश्वर उशीवर मान टाकून धापा टाकत होता, पण डोळे हसत होते.

अब्दुलनं तिला समजावून सांगितलं. काही दगडांत युरेनियम नावाचा धातू असतो. तो अगदी सावकाश, ठरल्या गतीनं बदलत बदलत शेवटी शिसं होतो. किती धातू उरला आणि किती शिसं झालं ते पाहिलं की दगडाचं वय निघतं. तसं आता काढलंय, आणि त्यावरून पृथ्वी निदान तीनशे कोटी वर्षांची आहे.

"म्हणजे लेक बापापेक्षा वयानं मोठी," यज्ञेश्वर खालच्या आवाजात म्हणाला. "विश्व दोनशे कोटींचं आणि त्यातली पृथ्वी तीनशे कोटींची."

"मग खोटं कोण?" दमयंतीनं विचारलं.

"दगड खोटं बोलत नसावा. जत्रेच्या हिशोबात चूक आहे. गाड्या किती लांब गेल्या ते मोजण्यात चुकलं असणार. ते सुधारलं की आकडा वाढेल. कुठवर जाईल कुणास ठाऊक." त्यानं दम घेतला. "आता अण्णांना सांगायलाच हवं."

विष्णुपंत संध्याकाळी उंबऱ्याशी आले तेव्हा त्यानं सांगितलं. दमयंती पायथ्याशी बसली होती. त्याला एका दमात बोलता येत नव्हतं, तरी त्यानं काही गाळलं नाही. तुमचा आकडा खोटा असं मी म्हणत नाही, तो तुमच्या वाटेनं आलेला आहे. आमचा त्याला येऊन भिडला आणि आता सुटणार. शिवाय तुमच्याच शास्त्रात या कल्पाच्या आधी दुसरे कल्प होऊन गेले, मग हे सगळ्या विश्वाचं वय कसं होईल? विष्णुपंत ऐकत राहिले. उपरण्यावरचे फक्त डोळे दिसत होते.

"अण्णा, एवढंच करा," यज्ञेश्वर म्हणाला. "व्याख्यानात माझं नाव घेऊन ते सांगू नका."

"तू बरा हो. मग बघू," विष्णुपंत म्हणाले, आणि गेले.

चैत्रात, ऊन कडक झालं तेव्हा, यज्ञेश्वर गेला. सीनेच्या काठी त्याला नेलं. अब्दुल तिरडीमागे शेवटपर्यंत चालत गेला आणि परत येऊन घराबाहेर उन्हात उभा राहिला, कुणी आत ये म्हणेल याची वाट न पाहता. गादी जाळली, खोलीला चुना मारला. मुलानं बापाचं करायचं ते बापानं मुलाचं केलं. विष्णुपंतांनी सगळा विधी स्वतः सांगितला. त्यांचा आवाज कुठेही अडखळला नाही. दमयंतीला तेव्हा त्यांची भीती वाटली.

त्यांनी तिला माहेरी धाडलं नाही, केस काढायचं नावही काढू दिलं नाही. तिचं माहेर जामखेडचं. वडील तिथे मास्तर होते, आणि ती मराठी सातवी पास होती. जाऊन नोकरी-शिक्षण करता आलं असतं. पण ती राहिली, कारण त्या घरात आता त्यांना वाढणारं कुणी नव्हतं.

त्या हिवाळ्यात सोनईहून बोलावणं आलं. विष्णुपंतांना अलीकडे चक्कर यायची म्हणून ती सोबत गेली. देवळापुढच्या पटांगणात गाव जमलं होतं. ती बायकांत बसली. व्याख्यान रंगलं आणि शेवटाकडे विष्णुपंत म्हणाले, "हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. माझा मुलगा यज्ञेश्वर, भौतिकशास्त्राचा पंडित, त्यानं हे तपासून पाहिलं होतं. तो आज नाही, पण त्याचा शब्द माझ्यापाशी आहे."

शेजारची म्हातारी, रंगुबाई, तिच्या कपाळाकडे बघत हळूच म्हणाली, "तुजा मालक हुता व्हय गं त्यो? लई हुशार मानूस हुता म्हन." तिनं दमयंतीच्या पाठीवर हात ठेवला. दमयंतीनं पदर पुढे ओढला.

परतताना बैलगाडी घोडेगावच्या मोटारथांब्याकडे चालली होती. तिनं विचारलं, "मामंजी, ते नको म्हणाले होते ना?"

विष्णुपंतांनी घोंगडी गुडघ्यांवर ओढून घेतली. मग म्हणाले, "मला आठवतं. मी विसरलो नाही." गाडीच्या खडखडाटात त्यांचा आवाज नीट ऐकू येत नव्हता. "चार वर्षं आम्ही एका घरात मुक्यासारखे राहिलो. तो आकडा निघाला आणि त्या दिवशी तो माझ्याशी पोटभर बोलला. माझ्याजवळ त्याचं दुसरं काही नाही गं. तो आकडा म्हटला की तो माझ्या बाजूनं उभा असतो. तेवढं काढून घेऊ नकोस."

तिनं काढून घेतलं नाही. पुढे काय झालं याचा विचार करताना तिला तो रस्ता नेहमी आठवायचा. बोलायला हवं होतं ते तिथे, आणि ती त्यांच्या गुडघ्यांवरची घोंगडी सारखी करत बसली होती.

मग जानेवारीत महात्माजींची हत्या झाली. गावोगाव ब्राह्मणांच्या घरांना आगी लागल्या. नगरातही एका संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी जमाव आला, घोषणा झाल्या, दगड पडले. अब्दुलनं निरोप पाठवला होता की आमच्याकडे या, इथे तुम्हाला कुणी हात लावणार नाही. ते गेले नाहीत. दाराला आतून खाट लावून दोघं बसून राहिले. जमाव पुढे निघून गेला. पण त्या दिवसापासून विष्णुपंतांना चार माणसांचा मोठा आवाज आला तरी घाम फुटायचा. कित्येक महिने ते कुठे बोलायला गेले नाहीत.

त्या वर्षीच्या गणपतीत आप्पासाहेब वकील घरी आले. त्यांच्या मंडळाची व्याख्यानमाला होती आणि ठरलेला वक्ता आजारी पडला होता. पंत, तुम्हीच या, लोकांना धीर येईल असं काही सांगा, असं ते म्हणाले. दिवस वाईट होते. निजामाच्या मुलखातून बीडकडची माणसं डोक्यावर बोचकी घेऊन जामखेड-पाथर्डीत उतरत होती आणि रझाकारांनी काय काय केलं ते सांगत होती. त्यातलं काही खरं होतं, काही वाटेत वाढलं होतं. आज ना उद्या भारताचं सैन्य तिकडे घुसणार असं सगळे म्हणत. नगरात ज्यांची घरं शेजारीशेजारी होती ती माणसं एकमेकांकडे पाहीनाशी झाली होती.

विष्णुपंत हो म्हणाले. बऱ्याच दिवसांनी त्यांनी स्वच्छ उपरणं मागितलं.

मांडव भरून माणसं रस्त्यापर्यंत गेली होती. संध्याकाळची वेळ, पेट्रोमॅक्स लावले होते, कर्ण्यातून आवाज चौकापर्यंत जात होता. दमयंती बायकांच्या बाजूला बसली. तिला पुरुषांत मागच्या खांबापाशी अब्दुल दिसला. तो दरवर्षी व्याख्यानाला यायचा. या वर्षी नसता आला तर बरं, असं तिच्या मनात येऊन गेलं.

विष्णुपंत आधी चाचरले, मग लय सापडली. आकडा आला तेव्हा टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांनी त्यांना काय झालं कोण जाणे. ते पुढे वाकून म्हणाले, "माझ्या मुलानं शेवटच्या घटकेला माझा हात धरला आणि म्हणाला, अण्णा, तुमचंच खरं होतं. हे जगाला सांगा."

 शेवटच्या घटकेला यज्ञेश्वरचा हात दमयंतीच्या हातात होता, आणि तो काहीच बोलू शकत नव्हता.

मागे अब्दुल उभा राहिला. आवाज न चढवता तो म्हणाला, "अण्णा, माफ करा. यज्ञा असं म्हणाला नव्हता."

माना वळल्या. तो सांगू लागला, की त्यानं उलट सांगितलं होतं, की दगडांवरून पृथ्वीचं वय याहून पुष्कळ जास्त निघालंय, की आकडे जुळले तो योगायोग होता आणि त्याचं नाव यात घेऊ नये एवढंच त्याचं मागणं होतं. हे सगळं त्यानं वर्गात सांगावं तसं सांगितलं. पुरतं झालंही नाही. कुणीतरी विचारलं, "कोन हाय रं त्यो?" कुणीतरी नाव सांगितलं. नाव मांडवातून पुढे सरकत गेलं आणि ते जिथे जिथे पोचलं तिथली माणसं उठून उभी राहिली. आमच्या संकल्पाला खोटं म्हणतो. निजामाकडं जा म्हणावं. रझाकार आहे.

विष्णुपंत माईकपाशी उभे होते. दमयंतीला त्यांचा चेहरा स्पष्ट दिसत होता, दिव्याच्या उजेडात पांढराफटक. एक वाक्य पुरलं असतं. हा माझ्या मुलाचा मित्र आहे, हा खरं बोलतो आहे. किंवा नुसतं, थांबा. कर्णा होता, चौकापर्यंत ऐकू गेलं असतं. त्यांचे ओठ हलले, पण आवाज निघाला नाही.

ती उठली आणि ओरडली, "मामंजी, सांगा त्यांना." दोन बायकांनी तिला खांद्याला धरून खाली बसवलं. गप बस बाई, पुरुषांचं चाललंय. तिचा आवाज त्या गोंगाटात चार सतरंज्यांपलीकडे गेला नाही.

अब्दुलला ओढत बाहेर काढताना कुणाच्या तरी हातात मांडवाचा वासा होता. तिनं तो वर गेलेला पाहिला, आणि पुढचं माणसांच्या पाठींआड गेलं. थोड्या वेळानं लोक परत येऊन बसू लागले, कपडे झटकत. आप्पासाहेब विष्णुपंतांच्या कानाशी लागून म्हणाले, "पंत, चालू ठेवा. नाहीतर हे सगळे तिकडेच धावतील."

आणि विष्णुपंतांनी चालू ठेवलं. जिथे थांबले होते त्याच वाक्यापासून.

त्यानंतर लगेच सैन्य निजामाच्या हद्दीत घुसलं. रस्त्यावर गस्ती होत्या, कुणी घराबाहेर पडू देईना. थोड्याच दिवसांत निजाम शरण आला आणि नगरात पेढे वाटले. त्या गडबडीत दमयंती एकटी झेंडीगेटला गेली.

मेहताबबींनी दार उघडलं. त्यांनी तिला ओळखलं, आत घेतलं, बसायला चटई दिली. अब्दुल भिंतीला टेकून बसला होता. डावा डोळा पट्टीखाली होता, आणि तो डॉक्टरांना वाचवता आला नव्हता. उजव्यानंही अक्षरं धूसर दिसत होती. शाळेनं त्याला बरा होईपर्यंत येऊ नका म्हणून कळवलं होतं. पत्रातला मायना गोड होता, असं तो म्हणाला.

ती रडली नाही. आपण वर्तमानपत्राला लिहितो, खरं काय ते छापून आणतो, असं म्हणाली.

"कशाला, वहिनी? तुमचंही घर जाईल." तो अंदाजानं तिच्या दिशेला बघत होता. "मी आकड्यासाठी नव्हतो उठलो. आकडे बदलतच राहतील. पण मेलेल्या माणसाच्या तोंडात ते वाक्य घातलं ना, ते मला ऐकवलं नाही. त्यानं आईच्या श्राद्धाला जे म्हटलं नाही, ते त्याच्याकडून आता वदवून घ्यायचं."

मेहताबबी इतका वेळ चुलीपाशी पाठमोऱ्या बसल्या होत्या. त्यांनी वळून विचारलं, "बेटी, एक सांग. ह्याला मारत होते तेव्हा तुझा सासरा बघत होता का?"

दमयंती म्हणाली, "बघत होते."

मेहताबबींनी मान हलवली आणि पुन्हा चुलीकडे वळल्या. याहून जास्त त्यांनी तिला कधी काही विचारलं नाही.

घरी येऊन तिनं विष्णुपंतांना सगळं सांगितलं, डोळा गेल्याचंही. ते पाटावर बसले होते, पुढे ताट होतं. जाईन मी, म्हणाले. त्याचे पाय धरीन. दुसऱ्या दिवशी त्यांना ताप आला. मग पितृपक्ष होता, मग दसरा. दर वेळी उपरणं खांद्यावर टाकून ते गल्लीच्या तोंडापर्यंत जायचे आणि परत यायचे. दमयंती पुन्हा काही बोलली नाही. ती अधूनमधून झेंडीगेटला जायची आणि तिथून आल्यावर कुठे गेली होती ते सांगत नसे.

अब्दुलची नोकरी गेली. मालेगावला त्याच्या मामाचे माग होते. दिवाळीनंतर मायलेकांनी तिकडे जायचं ठरवलं. दमयंती त्यांना पोचवायला गेली. मेहताबबींच्या हातात तिनं लाडूंचा डबा दिला, त्यांनी तो घेतला. अब्दुलनं मालेगावचा पत्ता सांगितला, तिनं पाठ केला.

थंडी पडल्यावर एका सकाळी विष्णुपंत न सांगता बाहेर पडले. दुपारी परत आले ते धुळीनं भरलेले. ओटीवर बसून म्हणाले, "कुलूप आहे. शेजारी म्हणतात, गाव सोडून गेले."

दमयंती तांदूळ निवडत होती.

"तुला माहीत होतं?"

"होतं."

"मला सांगितलं नाहीस."

"नाही सांगितलं."

तिला वाटलं होतं, असं म्हणून थोडं हलकं वाटेल. वाटलं नाही. विष्णुपंत तिच्या हातांकडे बघत राहिले, जणू ती आणखी काही सांगेल. मग उठून आत गेले आणि देवापुढे नुसतेच बसले. त्या घरात पुन्हा बोलणं बंद झालं, आणि आता निरोप पोचवायला तिसरं माणूसही नव्हतं.

बोलावणी मात्र येत राहिली. मांडवातल्या प्रकारानं नाव उलट वाढलंच होतं. विष्णुपंत जात राहिले. दमयंती सोबत गेली नाही, त्यामुळे आता ते तिथे काय सांगतात हे तिला कळत नसे, आणि तिनं विचारलंही नाही.

पुढच्या जूनमध्ये पुण्याला बायकांच्या ट्रेनिंग कॉलेजात तिला जागा मिळाली. तिच्या वडिलांनीच अर्ज केला होता. विष्णुपंत नको म्हणाले नाहीत. खाणावळीचा डबा लावून घेईन, एवढंच म्हणाले. निघायच्या दिवशी ते मोटारस्टँडवर आले. वळकटी त्यांनी उचलली होती, तिनं नको म्हटलं तरी. पुण्याची गाडी लागली. माणसं चढली, टपावर सामान चढलं. ती खिडकीशी बसली आणि ते खाली उभे राहिले, वळकटी छातीशी धरून.

"तिकडे मोठमोठी माणसं असतील," ते म्हणाले. "त्याला ओळखणारी. कुणी तुला विचारलं, यज्ञेश्वर खरं काय म्हणाला होता, तर सांगशील?"

"सांगेन."

"माझंही सांगशील?"

दमयंतीनं त्यांच्याकडे पाहिलं. वर्षभरात ते पार वाळून गेले होते. तिला दया आली, पण त्या दयेनं उत्तर बदललं नाही.

"तेही सांगेन, मामंजी."

त्यांनी मान डोलावली. कंडक्टरनं घंटी मारली, मग त्याचं लक्ष गेलं आणि त्यानं खाली उतरून त्यांच्या हातांतून वळकटी ओढून घेतली, कारण ते ती सोडत नव्हते.